पाचट पचवणारे सूक्ष्मजीव

उसाचे पाचट कुजते ते तळाच्या ओलसर, काळ्या थरात. सेल्युलोज तोडणारे स्थानिक जिवाणू आणि बुरशा शोधायच्या तर तिथली चिमूटभर माती घ्यावी. ती निर्जंतुक पाण्यात पातळ करून आगरच्या थाळीवर पसरतात; त्यात खायला फक्त सेल्युलोज, ज्याला ते पचत नाही तो उपाशी! वसाहती वाढल्या की काँगो रेड हा रंग ओतून मिठाच्या पाण्याने धुतात. रंग अखंड सेल्युलोजला धरून राहतो; वसाहतीतून ते तोडणारे विकर (एन्झाइम) पाझरले तिथे फिकट वलय उमटते. पण मोठ्या वलयावर भाळू नये. थाळीत बहुधा विरघळणारे सेल्युलोज असते, पाचटातले मात्र लिग्निन या कठीण द्रव्याने वेढलेले, चिवट. खरी परीक्षा पाचटावरच. उद्योगांची लाडकी ट्रायकोडर्मा रीसी बुरशीही दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजवताना सापडली.