अक्षरांचे आकडे करणारी तेरा वर्षे

एप्रिल २०२०मध्ये आलेल्या आर ४.०.० या आवृत्तीपासून या संख्याशास्त्रीय भाषेचा इंटरप्रिटर तक्त्यातला मजकूर मजकूरच ठेवू लागला. त्याआधी मजकुराचा स्तंभ दिसला, की तो वर्गवारीचा 'फॅक्टर' आहे असे धरले जाई: प्रत्येक शब्दाला एक पूर्णांक आणि शब्दांची यादी बाजूला. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ऑकलंडमध्ये ही भाषा घडवली, तेव्हा मेमरी महाग होती आणि पूर्णांकांना जागा कमी लागे. २००७च्या २.६.० आवृत्तीत एक शब्द मेमरीत एकदाच साठवण्याची सोय झाली. बचतीचे कारण तिथेच संपले. सवय मात्र पुढे तेरा वर्षे चालू ठेवली गेली.

नुकसान निमूट होई. रकमांच्या स्तंभात १००, २५०, ४० यांच्याबरोबर कुठे 'नाही' लिहिलेले असले, की सगळा स्तंभ फॅक्टर. तो 'अ‍ॅज.न्यूमेरिक'ने पुन्हा आकड्यांत आणायला जावे, तर हाती १, २, ३ येत, कारण अक्षरक्रमात ४०चा नंबर २५०नंतर. इशारा म्हणून एक ओळही पडद्यावर उमटत नसे. त्यात हा क्रम यंत्रागणिक बदले: सर्व्हरवर इंग्रजी मोठी अक्षरे आधी, तर लॅपटॉपवर लहान-मोठी मिसळून. फॅक्टरचा पहिला वर्ग बदलला, की रिग्रेशनमधला तुलनेचा आधारच बदलला. एकाच फाइलवर एकच प्रोग्रॅम चालवून गुणक वेगळे येणे, हे संशोधनात खपवून घेण्याजोगे नव्हते.

देवनागरीचे हाल आणखी निराळे. विंडोजवरचा आर त्या प्रणालीच्या जुन्या, भाषागणिक वेगळ्या संकेतसंचांवर विसंबून होता आणि देवनागरीसाठी तसा संचच नव्हता. तक्त्यात 'पुणे' लिहिले, की छापताना कंसांत चार युनिकोड क्रमांक दिसत. लिनक्स आणि मॅकवर तोच तक्ता सरळ वाचता येई. आरच्या विकासकांपैकी टोमाश कालिबेरा यांच्या चिकाटीच्या कामानंतर एप्रिल २०२२च्या ४.२.० आवृत्तीत, विंडोज १०च्या नव्या आवृत्त्यांवर, यूटीएफ-८ हाच मूळ संकेत झाला.

फॅक्टरबरोबर एक चांगली सोयही गेली. जिल्ह्यांच्या स्तंभावर 'समरी' म्हटले, की प्रत्येक जिल्ह्याच्या किती नोंदी आहेत हे आपोआप दिसे, ४.०.०मध्ये मजकुराची फक्त लांबी आणि प्रकार उरला. स्तंभाच्या प्रकाराचा अंदाज बांधण्याची खोड मात्र गेलेली नाही. फाइल वाचणारे 'रीड.सीएसव्ही' मुंबईच्या ०२२ या फोन-कोडातले पहिले शून्य गाळून २२ ठेवते, आणि लिंगाच्या स्तंभात सगळीकडे 'एफ' असेल तर त्या स्त्रियांच्या नोंदी 'फॉल्स' होऊन बसतात. त्याच्या 'कोलक्लासेस'मध्ये स्तंभांचे प्रकार आधीच लिहून दिले, तर दोन्ही टळतात.