लिनक्सचे पुस्तक घेताना आधी साल पाहा

व्यापारी बंधूंनो, तागा घेताना आपण सूत पाहतो, पन्हा मोजतो. पुस्तक घेताना मात्र आम्ही नुसती जाडी पाहिली आणि फसलो.

पेढीची बिले व मालसाठा लिनक्सवर आणायचे ठरले, तेव्हा पुतण्याला शिकण्यासाठी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून आम्ही हजार पानांचा ग्रंथ आणला. निम्म्या भावात मिळाला म्हणून खूशही होतो. पोर महिनाभर झगडले. पुस्तकातली कमांड टाईप केली की संगणक म्हणे, अशी कमांडच नाही. शेवटी तो म्हणाला, "चाचा, हे माझ्याच्याने व्हायचे नाही." कसूर त्याचा नव्हता. पुस्तक २००३ सालचे होते.

लिनक्स १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केले. त्याची मूळ रचना सर्वांना खुली, त्यामुळे जगभरची माणसे त्यात सतत बदल करतात. डेबियन आणि उबुंटू या त्याच्या दोन्ही प्रकारांत २०१५ साली 'सिस्टमडी' आली आणि संगणक सुरू होताना कामे चालू करण्याची रीतच पालटली. नेटवर्कची माहिती देणारी 'इफकॉन्फिग' कमांड आता बऱ्याच ठिकाणी आपोआप मिळत नाही, तिच्या जागी 'आयपी' आहे. म्हणून पुस्तकाची शेवटची सूची उघडावी. 'सिस्टमडी' नसेल तर पुस्तक परत ठेवावे.

अर्थात जुना माल सगळाच रद्दी नसतो. छापील साडीचे डिझाईन मोसमात जुने होते, मांजरपाट तसाच चालतो. 'ग्रेप', 'व्हीआय' या कमांड मांजरपाटासारख्या आहेत.

नवशिक्याने विल्यम शॉट्स यांचे 'द लिनक्स कमांड लाईन' घ्यावे. दुसरी आवृत्ती २०१९ ची आहे आणि संगणकावर वाचायची प्रत लेखकाने विनामूल्य ठेवली आहे. आमची तालीम उर्दू माध्यमातली, इंग्रजी बेताचे. तरी पहिली प्रकरणे आम्हालाही उमगली. हात बसल्यावर ब्रायन वॉर्ड यांचे 'हाऊ लिनक्स वर्क्स', तेही २०२१ ची तिसरी आवृत्तीच. एव्ही नेमेथ व सहकाऱ्यांचा हजारावर पानांचा ग्रंथ पुष्कळ संगणक सांभाळणाऱ्यांसाठी आहे, एका पेढीला तो नको.

मात्र आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे पुस्तक घेण्याआधी विचारावे. आमचे काम लिब्रेऑफिसवर भागते, सर्वांचे भागेलच असे नाही.

पुतण्या आता रोज दुकान उघडण्याआधी एक प्रकरण टाईप करून पाहतो. नुसते वाचून पुढे जायचे नाही, एवढीच अट आम्ही घातली आहे.