रंग न दिलेली काळी लोकर

पेरूच्या अँडीज पर्वतात अल्पाकाच्या लोकरीच्या शाली विणतात. हलक्या, मऊ, आणि नैसर्गिक छटा इतक्या की रंगाची गरजच भासू नये. जगभर त्यांना मोल आहे.

सातारा जिल्ह्यातल्या उंब्रजकरांना असंच अस्सल कापड बघायला लांब जावं लागत नाही. तारळी नदीकाठी, जवळच पालीच्या खंडोबाची पौषात यात्रा भरते. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत धनगरांच्या खांद्यावर घोंगडी असते.

घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची. माणदेशासारख्या कोरड्या मुलखात चरणारी ही काटक जात. मेंढपाळ वर्षातून साधारण दोनदा लोकर कातरतात. मग ती पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं. हे काम बहुतेक बायकांच्या हातचं. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावतात, त्याने धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. पुढचं विणकाम सणगरांचं, खड्ड्याच्या मागावर. काळा रंग मेंढीचाच, म्हणून तो धुतला तरी जात नाही.

घोंगडी अंगाला टोचते, हे खरं. अल्पाकाचा मऊपणा तिच्यात नाही. पण पावसात तिची खोळ करून मेंढरामागे दिवस काढता येतो आणि रात्री तीच अंथरूण होते. शिवाय दाट विणीची चांगली घोंगडी वर्षानुवर्षं टिकते.

विकत घेताना उजेडात धरून वीण पाहावी आणि सूत हाताचं की गिरणीचं, हे विणकरालाच विचारावं. तो आनंदाने सांगतो.