बिनट्रे गेलं, पत्ता उरला

१ मे २०२१ रोजी जेफ्रॉग कंपनीनं बिनट्रे ही तयार पॅकेजेस साठवून वाटणारी आपली सेवा बंद केली. घोषणा फेब्रुवारीत झाली होती, म्हणजे आवराआवरीला जेमतेम तीन महिने मिळाले. ज्यांचं अजून लक्ष गेलेलं नाही त्यांना जाग यावी म्हणून एप्रिलमध्ये अधूनमधून थोडा वेळ सेवा मुद्दाम थांबवण्यात आली. होमब्रू या पॅकेज मॅनेजरनं त्याच महिन्यात ३.१.० ही आवृत्ती काढली आणि आपली तयार पॅकेजेस गिटहबवर हलवली. क्लाउडमधल्या आर्टिफॅक्ट रेपॉझिटरीच्या एपीआयचे पहिले धडे माझ्यासारख्या अनेकांनी बिनट्रेवरच गिरवले. ती सेवा गेली, तरी ते धडे आजही रोज उपयोगी पडतात.

कोड गिटमध्ये राहतो. त्याचं बिल्ड झालं की हाती येणारी जार फाइल, पायथनचं व्हील किंवा डॉकर इमेज म्हणजे आर्टिफॅक्ट. बिनट्रेत ते एका ठरलेल्या उतरंडीत बसायचं: आधी मालक (व्यक्ती किंवा संस्था), मग रेपॉझिटरी, मग पॅकेज, मग व्हर्जन आणि शेवटी फाइल. एपीआयचा पत्ता याच क्रमानं लिहायचा. त्या पत्त्यावर पुट रिक्वेस्टनं फाइल पाठवायची, सोबत वापरकर्त्याचं नाव आणि एपीआय की द्यायची, आणि सगळं जमलं की २०१ हा कोड परत यायचा.

नवख्याची गाडी इथेच अडायची. स्क्रिप्टला २०१ मिळालेला असायचा, पण तीच फाइल बाहेरच्या कुणी मागितली तर ४०४! कारण बिनट्रेत अपलोड आणि पब्लिश या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. पब्लिश होईपर्यंत फाइल जगाला दिसत नसे. ही विभागणी मला तेव्हाही आवडली होती आणि आजही योग्य वाटते. एका व्हर्जनच्या दहा फाइल्स चढवताना सातवीला नेटवर्क तुटलं, तर अर्धवट व्हर्जन कुणाच्या हाती पडत नाही.

पब्लिश झालेलं व्हर्जन मात्र कुठेही पुन्हा बदलू नये, काढू तर नयेच. मेव्हन सेंट्रलनं हा नियम फार पूर्वीपासून पाळला. तिथं ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि व्हर्जन ही तीन नावं मिळून जो पत्ता बनतो, त्यावर आज जी फाइल आहे तीच उद्याही मिळते. या नियमाची किंमत एनपीएमला मार्च २०१६मध्ये कळली. लेफ्ट-पॅड हे अवघ्या अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि त्यावर विसंबलेले असंख्य बिल्ड जगभर एकदम कोसळले. त्यानंतर पॅकेज मागे घेण्यावर एनपीएमनं कडक मर्यादा घातल्या.

डॉकर रजिस्ट्रीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या एपीआयनं हाच विचार पुढे नेला. तिथं इमेजचा प्रत्येक थर त्याच्या शा-२५६ डायजेस्टनं ओळखला जातो. क्लायंट आधी हेड रिक्वेस्ट पाठवून विचारतो, हा थर तुझ्याकडे आहे का? असेल तर तो पुन्हा पाठवत नाही. सगळे थर पोचले की शेवटी मॅनिफेस्ट जातो, त्या थरांची यादी. टॅग कधीही दुसऱ्या इमेजकडे वळवता येतो. डायजेस्ट वळत नाही, कारण मजकुरातला एक बाइट बदलला तरी डायजेस्ट बदलतो. म्हणून प्रॉडक्शनमध्ये फक्त 'लेटेस्ट' टॅगवर भरवसा ठेवू नये, असं मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला कळकळीनं सांगतो. याच एपीआयवर आधारलेलं ओसीआयचं (ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह) डिस्ट्रिब्यूशन मानक मे २०२१मध्ये १.०ला पोचलं. बिनट्रे बंद झालं तोच हा महिना.

किल्ल्यांचा प्रश्नही या काळात सुधारला. पूर्वी एकच एपीआय की सगळीकडे चालायची, सीआयच्या (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगमध्ये वर्षानुवर्षं पडून राहायची, आणि फुटली की सगळंच उघडं. पायपीआयनं २०१९मध्ये एका प्रकल्पापुरतं मर्यादित ठेवता येणारं टोकन आणलं. एप्रिल २०२३पासून तर सीआयला थेट ओळख पटवून पंधरा मिनिटांचं टोकन मिळू लागलं. साठवायला काही उरतच नाही.

चढवण्यासारखेच उतरवण्याचे नियमही बदलले. नोव्हेंबर २०२०मध्ये डॉकर हबनं लॉगिनशिवाय सहा तासांत १०० पुलची (डाउनलोडची) मर्यादा लावली. एकाच आयपीमागे अनेक सीआय मशिन्स असलेल्या टीम्सना ४२९ हा कोड तेव्हा चांगलाच परिचयाचा झाला. आपलं स्वतःचं प्रॉक्सी रेपो आणि त्यातली कॅश, हा उपाय त्यानंतर कित्येकांनी मनावर घेतला.

बिनट्रेचं भावंड असलेलं जेसेंटर, अँड्रॉइडवाल्यांचं लाडकं भांडार, आणखी काही वर्षं फक्त वाचण्यापुरतं चालू राहिलं. ऑगस्ट २०२४मध्ये तेही थांबलं आणि तिथं येणाऱ्या रिक्वेस्ट मेव्हन सेंट्रलकडे वळवण्यात आल्या. ज्या लायब्ररी त्याच तीन नावांनी सेंट्रलवरही होत्या, त्या तशाच मिळत राहिल्या. ज्या फक्त जेसेंटरवर होत्या, त्यांच्या जागी आता ४०४ येतो.