खड्ड्यांचे पैसे कोणाच्या खिशातून?

डांबरी रस्ता खराब होतो तो मुख्यतः दोन कारणांनी : पाणी आणि वजन. पावसाळ्याआधी साइडपट्ट्या भरल्या, गटारे आणि मोऱ्या मोकळ्या केल्या, भेगा वेळेत बुजवल्या, तर पाणी खालच्या खडीत उतरत नाही आणि रस्ता ठरलेले आयुष्य काढतो. एकदा पाणी मुरले की प्रत्येक ट्रकबरोबर खडी सुटत जाते आणि शेवटी खड्डा भरून भागत नाही, रस्ता पायापासून उकरावा लागतो. जागतिक बँकेने १९९४च्या अहवालात आफ्रिकेचा हिशेब मांडला होता : आधीच्या दहा वर्षांत देखभालीवर १२ अब्ज डॉलर वेळच्या वेळी खर्च झाले असते, तर रस्ते नव्याने बांधण्याचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते.

हे सगळ्यांना कळते, तरी देखभालीला पैसा मिळत नाही. मोरी साफ केल्याचे उद्घाटन होत नाही. भारतात त्यात हिशेबाच्या पद्धतीची भर पडली. २०१६-१७ पर्यंत सरकारी खर्च ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ अशा दोन खात्यांत मांडला जाई. नवा रस्ता पहिल्या खात्यात, जुन्याची डागडुजी दुसऱ्यात, आणि काटकसरीची वेळ आली की कात्री आधी दुसऱ्याला. ही विभागणी गेली, सवय मात्र राहिली.

रस्त्यांसाठी वेगळा पैसा राखून ठेवण्याची कल्पना भारतात जुनी आहे. १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. मोटारींची वाढती रहदारी तेव्हाच प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या ऐपतीबाहेर जाऊ लागली होती. मोटारवाल्यांनी पेट्रोलवर जादा कर भरावा आणि तो रस्त्यांवरच खर्च व्हावा, असे समितीने सुचवले. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

इंधनावरचा कर वसूल करायला सोपा असतो. जो जास्त फिरतो तो जास्त भरतो, आणि त्यासाठी कुठे नाका उभारावा लागत नाही. अडचण पुढे येते. तिजोरीत पडलेला पैसा रस्त्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. ब्रिटनमध्ये विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना १९२६ मध्ये तिथल्या रस्ते निधीतला पैसा सर्वसाधारण अर्थसंकल्पाकडे वळवला गेला. भारतात २०००च्या कायद्याने पेट्रोल-डिझेलवरचा सेस रस्ते निधीसाठी बांधून दिला. २०१८ मध्ये त्याच निधीचे नाव ‘केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी’ झाले आणि रेल्वे, पाणीपुरवठा, अगदी शाळा-रुग्णालयांच्या इमारतींनाही त्यातून पैसा देण्याची वाट मोकळी झाली. ही कामे गरजेचीच आहेत. पण मग पंपावर घेतलेल्या पैशाला रस्त्याचा सेस म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

टोलचा गुण असा की पैसा आणि रस्ता यांचा संबंध डोळ्यांना दिसतो. मात्र तो परवडतो दाट रहदारीच्या रस्त्यावरच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलवसुलीचे हक्क २०२० मध्ये दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटी रुपयांना दिले गेले. चंदगड किंवा भामरागडच्या रस्त्यासाठी असा बोली लावणारा मिळणार नाही. देशातल्या रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन टक्के आहेत आणि सुमारे ४० टक्के रहदारी त्यांच्यावर आहे. म्हणजे टोलचा उपाय या थोड्या लांबीपुरता. जिल्हा परिषदेच्या आणि गावरस्त्यांना करातूनच पैसा द्यावा लागेल आणि त्यात गैर काही नाही. गावापर्यंत रुग्णवाहिका आणि दुधाची गाडी जाण्याचा फायदा केवळ गाडीवाल्यांचा नसतो.

महाराष्ट्रात टोलचा वाद बहुतेक वेळा मोटारींभोवती फिरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. रस्त्याच्या झिजेच्या हिशेबात मात्र मोटार जवळपास नसतेच. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर हानी सोळापट. भारतात २०१८ मध्ये ट्रकच्या चार चाकी एकेरी आसावरचा परवानगीचा भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. वाढ तेरा टक्क्यांची, पण या नियमाने आसामागची हानी सुमारे दीडपटीवर जाते. वाहतूकदाराचा खर्च वाचला आणि तो रस्त्याच्या नावे पडला.

न्यूझीलंडमध्ये म्हणूनच डिझेलच्या गाड्यांना इंधनावर रस्ताकर नाही. किती किलोमीटर धावणार त्याप्रमाणे आगाऊ परवाना घ्यायचा आणि जड गाड्यांचा दर वजन व आसांच्या संख्येवर ठरतो. जर्मनीने २००५ पासून जड ट्रकांवर उपग्रहाच्या मदतीने अंतरानुसार आकारणी सुरू केली. विजेवरच्या गाड्यांमुळे असा बदल इतरांनाही टाळता येणार नाही, कारण त्या पंपावर जातच नाहीत. न्यूझीलंडने अशा हलक्या गाड्यांची या आकारणीतली सूट एप्रिल २०२४ पासून बंद केली. महाराष्ट्र सध्या उलट्या दिशेने जात आहे. २०२५च्या धोरणात विजेवरच्या मोटारींना प्रमुख मार्गांवर टोलमाफी दिली आहे. खपाला उत्तेजन म्हणून ती काही वर्षे चालेल, कायमची परवडणार नाही.

वजनानुसार आकारणी यायला भारतात वेळ लागेल. तोवर हातात असलेला उपाय जुनाच आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार ओव्हरलोड गाडीला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही असेही कलम सांगते. वाळूचे डंपर आणि खडीचे ट्रक जिथून रोज निघतात, तिथल्या वजनकाट्यांवर हे कलम खरोखर लावले, तर देखभालीचा जेवढा खर्च वाचेल तेवढा कोणत्याही नव्या सेसमधून जमा होणार नाही.