नव्या माशाचा महिनाभराचा मुक्काम

माल हद्दीबाहेर थोपवून धरण्यात काय मतलब असतो, हे भिवंडीकराला निराळे समजावून सांगावे लागत नाही. मुंबईची जकात जोवर अमलात होती, तोवर शहरात शिरणाऱ्या मालावर ती भरावी लागे, आणि म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीच्या अलीकडेच माल उतरवून घेण्याच्या सोयीने या तालुक्यात ज्या गोदामांच्या रांगा उभारल्या, त्या २०१७ साली जकात उठल्यानंतरही वाढतच राहिल्या. खाऱ्या पाण्यातील मासे घरच्या काचेच्या टाकीत पाळण्याची हौस ज्यांना जडली आहे, त्यांनी या व्यवहारातून एवढाच बोध घ्यावा, की तपासणी नाक्यावरच व्हावयास हवी. माल एकदा पेठेत पसरल्यावर नाकेदाराच्या हाती काही उरत नाही.

मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी नवा मासा निराळ्या टाकीत ठेवणे, त्याचे निरीक्षण करणे आणि आवश्यक तर त्याला औषध देणे, या शिरस्त्याला विलगीकरण म्हणतात. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानातून प्राणवायू भरलेल्या पिशवीत भिवंडीपर्यंत येणारा मासा त्यापूर्वी कितीतरी हातांतून गेलेला असतो. आणि व्यापाऱ्यांकडे अनेक टाक्यांना एकच पाणी खेळवलेले असल्यामुळे एका माशाचा रोग साऱ्यांच्या वाट्याला येतो. खुल्या समुद्रात परजीवीच्या पिल्लांपैकी बहुतेक आश्रय न मिळाल्याने मरून जातात, त्यामुळे तेथील माशाच्या अंगावर दोनचार परजीवी असले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. दोनशे लिटरच्या बंदिस्त पाण्यात मात्र त्या पिल्लांना मासा हमखास सापडतो आणि दर पिढीगणिक त्यांची संख्या अनेक पटींनी वाढत जाते.

या रोगांपैकी सर्वांत परिचित तो पांढऱ्या ठिपक्यांचा. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले होते. परंतु त्याला कारण होणाऱ्या सूक्ष्म जीवाला ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हे नाव ब्राउन यांनी दिले ते १९५१ साली, म्हणजे ज्या वर्षी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय लोकांना खुले झाले, त्याच वर्षी. या जीवाच्या आयुष्यातील तीन अवस्था नीट ध्यानात घेतल्या, तर विलगीकरणाचा निम्मा अर्थ उलगडतो. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या त्वचेखाली शिरून तीन ते सात दिवस पोसला जातो, आणि आपल्याला मिठाच्या कणाएवढा ठिपका दिसतो तो याच वेळी. पुढे तो माशाला सोडून काचेला, वाळूला किंवा खडकाला चिकटतो, स्वतःभोवती टणक कोश निर्माण करतो आणि त्या कोशात विभागत विभागत शेकडो पिल्ले तयार करतो. तिसऱ्या अवस्थेत ही पिल्ले पाण्यात मोकळी होतात आणि एकदोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. कोश फुटण्यास सामान्यतः तीन ते अठ्ठावीस दिवस लागतात. क्वचित हा काळ ७२ दिवसांपर्यंतही लांबल्याची नोंद आहे.

यावर देतात त्या तांब्याच्या औषधाचा प्रभाव चालतो तो केवळ या मोकळ्या पिल्लांवर. त्वचेखालच्या परजीवीपर्यंत आणि कोशाच्या आत औषध पोहोचत नाही. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी माशाचे अंग स्वच्छ दिसू लागले, की ‘रोग गेला’ असे समजून औषध थांबविणारा गृहस्थ फसतो. कारण ठिपके नाहीसे झाले ते परजीवी मेल्यामुळे नव्हे, तर तो कोश बांधण्यासाठी खाली उतरल्यामुळे. विलगीकरणाची मुदत माशाच्या रंगरूपावरून ठरत नाही, ती परजीवीच्या जीवनक्रमावरून ठरते, आणि महिनाभराचा जो परिपाठ पडला आहे त्याचे कारण हेच.

इतर रोगांची घाई याहून अधिक. ‘ॲमिलूडिनियम’ नावाचा जीव आधी कल्ल्यांत ठाण मांडतो. अंगावर सोनेरी भुकटीसारखा थर दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकू लागतो आणि काही दिवसांत दगावतो. ‘ब्रुकलिनेला’ विशेषतः क्लाउनफिशला ग्रासतो, त्याच्या अंगावरील बुळबुळीत स्राव चिंध्यांप्रमाणे सुटू लागतो, आणि त्यावर तांब्याचे औषध चालत नाही, फॉर्मलिनच योजावे लागते. चपटे कृमी तर पारदर्शक असल्यामुळे माशाच्या अंगावर असूनही दिसत नाहीत. त्यांची परीक्षा पाहण्यासारखी असते: समुद्राच्या पाण्याइतकेच तापमान आणि तितकाच सामू असलेल्या गोड्या पाण्यात, काळ्या तळाच्या भांड्यात, मासा पाचेक मिनिटे धरला, की गोड्या पाण्याने ते कृमी अपारदर्शक पांढरे होतात आणि तिळाच्या टरफलासारखे एकेक सुटून तळाशी जमतात. त्यांवर प्राझिक्वान्टेल हे औषध लिटरला अडीच मिलिग्रॅम या प्रमाणात देतात, आणि अंड्यांतून निघणाऱ्या नव्या पिढीसाठी आठवड्याभराने पुन्हा देतात.

विलगीकरणाची टाकी जितकी ओकीबोकी तितकी चांगली. साठ लिटरची काचपेटी, हीटर, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर आणि माशाला लपण्यासाठी प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे दोनतीन तुकडे एवढा सरंजाम पुरतो. वाळू आणि प्रवाळखडक घालू नयेत, कारण चुनखडीयुक्त पदार्थ तांबे शोषून घेतात. भिवंडीची खाडी जवळ असली, तरी तिचे पाणी उपयोगाचे नाही. भरती-ओहोटीबरोबर त्याची क्षारता बदलते आणि त्यात गावाचे सांडपाणी मिसळते. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम सागरी मीठ, म्हणजे साठ लिटरला दोन किलोंच्या वर, विरघळवून पाणी तयार करावे. माशाच्या उत्सर्जनातून होणारा अमोनिया पचविणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. म्हणून स्पंज आधी तीनचार आठवडे मुख्य टाकीत ठेवून मुरवावा, आणि एकदा बाहेर काढल्यावर तो परत तेथे नेऊ नये. जाळी, नळी, बादली हीही दोन्ही टाक्यांची वेगळी असावीत. वैशाखातील उष्म्याने पाणी तापले म्हणजे त्यातील प्राणवायू घटतो आणि वीज गेल्यास पंप बंद पडतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असणे अगत्याचे.

तांबे हे या शास्त्रातील जुने औषध. द्राक्षबागाईतदार ज्या मोरचुदाचे बोर्डो मिश्रण करून बुरशीवर फवारतो, त्या मोरचुदातील तांबेच या परजीवींच्या पिल्लांचा नाश करते. मात्र मात्रेचा मामला नाजूक आहे. मुक्त स्वरूपातील तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम लागते, म्हणजे साठ लिटरला अवघे नऊ ते बारा मिलिग्रॅम. कमी झाल्यास परजीवी तगतो आणि जास्त झाल्यास मासा मरतो. म्हणून बाजारातील मोरचूद चिमटीने टाकण्याचे धाडस कोणी करू नये. मत्स्यपालनासाठी बनविलेले द्रावण आणावे, त्याची मात्रा दोनतीन दिवसांत क्रमाने चढवावी आणि टेस्ट किटने रोज मोजून वहीत नोंदवावी. काही द्रावणांत तांबे अन्य द्रव्याशी बांधलेले असते आणि त्यांची मात्रा लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास जाते. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली, तर अनर्थ ओढवतो. अमोनिया बांधणारी द्रव्ये तांब्याबरोबर वापरू नयेत, कारण त्यांपैकी काहींच्या संयोगाने तांबे अधिक विषारी होते. कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना तर तांबे घातकच. मुख्य टाकीत हे औषध घालता येत नाही, ते याच कारणाने.

प्रत्येक नव्या माशाला औषध द्यावे, की लक्षण दिसेपर्यंत थांबावे, याविषयी जाणकारांत दोन तट आहेत. औषधाचाही शरीरावर भार पडतो, हा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप खरा आहे. परंतु ॲमिलूडिनियमसारखा रोग लक्षणांची वाट पाहावयास अवसर देत नाही, हेही तितकेच खरे. माझ्या मते हा निर्णय मोजमापाच्या तयारीवर सोपवावा. ज्याच्यापाशी टेस्ट किट आणि रोज मोजण्याची चिकाटी आहे, त्याने मासा अन्न घेऊ लागताच तीस दिवस तांबे द्यावे. ज्याच्यापाशी ती नाही, त्याने औषधाला हात न लावता सहा आठवडे केवळ निरीक्षण करावे, कारण अंदाजाने दिलेले औषध हाही एक रोगच आहे.

एवढा काळ रिकाम्या पेटीतील एक मासा पाहत बसण्याचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी दुसरा हिशेब मांडून पाहावा. मासा थेट मुख्य टाकीत सोडला आणि त्याच्यासोबत क्रिप्टोकॅरिऑन आला, तर तेथील प्रत्येक मासा बाहेर काढून त्याच्यावर उपचार करावा लागतो, आणि कोशांतील शेवटचे पिल्लू उपाशी मरेपर्यंत मुख्य टाकी माशांवाचून ठेवावी लागते. त्यासाठी हौशी मंडळींनी सामान्यतः मानलेली मुदत ७६ दिवसांची आहे.