शेकरू व वटवाघूळ : वाडींतील नुकसानीचा हिशेब

अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांत फळ खाल्लेलें आढळलें कीं दोष बहुधा वटवाघळाच्या माथीं जातो. तें रात्रीं येतें, उलटें लोंबकळतें व कोणास आवडत नाहीं, एवढ्यावरूनच आपण त्यास चोर ठरवितों.

फणसाडच्या रानांतील शेकरू आणि दिवसां वडा-पिंपळांवर लोंबणारें मोठें वटवाघूळ यांच्या वजनांत फारसें अंतर नाहीं. दोन्हीं दीड किलोच्या आसपास भरतात. फळ दोघांसही प्रिय. भेद आहे तो दांतांत. शेकरू उंदराच्या वर्गांतलें. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात, व तें कठीण कवच फोडून आंतील बी खातें. वटवाघळास नारळ फोडतां येत नाहीं. तें पिकला गर चावून रस गिळतें आणि चोथा थुंकून टाकतें. म्हणून नारळास कुरतडलेलें भोंक दिसलें तर शेकरू, खार अथवा उंदीर येऊन गेला असें समजावें. झाडाखालीं चोथ्याच्या गोळ्या व अखंड बिया पडलेल्या असतील तर वटवाघूळ.

काजूच्या हंगामांत वटवाघुळें बोंडू दुसऱ्या झाडावर नेऊन खातात व बी खालीं टाकतात. पिकल्या पोफळाचेंही तसेंच. केरळांत अशा झाडांखालची काजूबी व सुपारी लोक वेंचून नेतात. (ती शेजाऱ्याच्या हद्दींत पडते, ही तक्रार मात्र खोटी नव्हे.) आपल्या किनाऱ्यावरील उंडीच्या बियाही हींच पसरवितात.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत श्रीवर्धनाकडील हजारों पोफळी आडव्या झाल्या. तेव्हांपासून एकेका सुपारीचें मोल वाटतें, हें आम्ही जाणतों. तरी त्या रागांत वटवाघळांचा वड तोडणें तोट्याचेंच. मादीस वर्षास एकच पिल्लू होतें. मोडलेली वसाहत लवकर भरत नाहीं. फळखाऊ वटवाघुळें पूर्वी कायद्याच्या उपद्रवी यादींत होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादीच निघाली. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी; त्याची शिकार हा गुन्हा आहे. तें वीस फूट उडी घेतें, त्यामुळें माडाच्या खोडास नुसता पत्रा ठोकून भागत नाहीं. लगतच्या झाडांच्या फांद्याही छाटाव्या लागतात.

एक खबरदारी वटवाघळाबाबत अवश्य घ्यावी. मार्च २०२० मध्यें महाबळेश्वरच्या गुहेंतील वटवाघळांच्या नमुन्यांत निपा विषाणूच्या खुणा आढळल्या. सबब अर्धवट खाल्लेलें फळ मुलांस उचलूं देऊं नये, आणि वेंचलेली बी हाताळल्यावर हात साबणानें धुवावे.